सैन्यसेवाविरोध, पोर्तुगीज अंमलातील

सैन्यसेवाविरोध, पोर्तुगीज अंमलातील : उत्तर कोकणातील वसई प्रांत आणि गोव्यातील सत्तरी महाल या पोर्तुगीज सत्तेखालील ग्रामीण प्रदेशांत, सक्तीने घेतलेल्या अथवा मूळ अटी डावलून लादलेल्या सैन्यसेवेला झालेला प्रतिकार. यातील पहिला प्रसंग १७३७–३९ मधील मराठ्यांच्या वसई मोहिमेच्या काळातील असून दुसरा, अधिक स्पष्ट स्वरूपाचा, सप्टेंबर १८९५ मध्ये मोझँबीकला जाण्यास नकार देणाऱ्या मराठा सैनिकांच्या बंडाचा होय. या दोहोंमध्ये सुमारे दीड शतकाचे अंतर आहे. तथापि सत्ता एकच, तिची सैन्याची निकड एकच आणि ती भागविण्यासाठी खेड्यांवर टाकलेला भारही बराचसा एकाच जातीचा असल्याने त्यांचा एकत्र विचार करणे उपयुक्त ठरते.

सैन्यसेवेची सक्ती म्हटली, की सामान्यतः कायद्याने विशिष्ट वयाच्या पुरुषांची केलेली भरती डोळ्यांपुढे येते. ही कल्पना फ्रेंच राज्यक्रांतीनंतरची आहे. तत्पूर्वी, आणि आशियातील प्रदेशांत त्यानंतरही दीर्घकाळ, सक्तीचे निरनिराळे प्रकार प्रचलित होते. जमिनीच्या मोबदल्यात ठराविक हत्यारबंद माणसे पुरविण्याचे बंधन हा एक प्रकार होता. ओझी वाहणे, तटबंदीचे काम करणे, होड्या व बैल पुरविणे अशी लष्करासाठी घेतली जाणारी वेठ हा दुसरा. खुशीने चाकरीस लागलेल्या शिपायाला त्याच्या समजुतीबाहेरच्या मुलखात, विशेषतः समुद्रापार, पाठविणे हा तिसरा. कागदोपत्री या तिसऱ्या प्रकारास सक्ती म्हणता येत नाही. पण शिपायाच्या दृष्टीने तीच सर्वांत जाचक सक्ती होती. पोर्तुगीज अंमलातील प्रतिकाराचे स्वरूप समजण्यासाठी हा भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

अशा प्रतिकाराची जगातील प्रसिद्ध उदाहरणे बहुधा यादवी युद्धांच्या काळातील आहेत. फ्रान्सच्या राष्ट्रीय परिषदेने फेब्रुवारी १७९३ मध्ये तीन लाख सैनिकांच्या भरतीचा हुकूम काढला, तेव्हा व्हांदे प्रांतातील शेतकऱ्यांनी मार्चमध्ये उठाव केला. धर्मगुरूंचा छळ व करांचा बोजा ही कारणे आधीपासून होतीच; ठिणगी मात्र भरतीच्या चिठ्ठ्यांनी पडली आणि पुढे त्या उठावाचे रूपांतर भीषण यादवीत झाले. अमेरिकन यादवी युद्धात दक्षिणेकडील राज्यसंघाने एप्रिल १८६२ मध्ये सक्तीची भरती सुरू केली. त्याच वर्षी वीस वा अधिक गुलाम असलेल्या मळ्यांवरील एका गोऱ्या पुरुषास सूट देण्यात आल्याने डोंगराळ भागातील गरीब शेतकरी बिथरले आणि सैन्यातून पळालेल्यांना गावोगाव आसरा मिळू लागला. रशियातील यादवीत तांबाड सैन्य व श्वेत सैन्य या दोहोंच्या भरतीला चुकवून जंगलात राहणाऱ्या शेतकऱ्यांना ‘हिरवे’ असे नाव पडले. खुद्द पोर्तुगालमध्येही ग्रामीण जनतेला भरतीचा तिटकारा होता. १८४६ मध्ये मिन्यू प्रांतातील स्त्रीपुरुषांनी दफनविधीविषयक नियम व कर यांविरुद्ध केलेला ‘मारिया द फोंत’ या नावाने ओळखला जाणारा उठाव पुढे १८४६–४७ च्या यादवी युद्धात विलीन झाला. १८५५ च्या कायद्याने तेथे चिठ्ठ्या टाकून सैनिक निवडण्याची पद्धत आली, तेव्हा ती चुकविण्यासाठी अनेक तरुण ब्राझीलला निघून जात. आपल्याच शेतकऱ्यांना सैन्यात आणणे ज्या राज्याला अवघड जाई, त्याने आफ्रिकेतील युद्धासाठी गोव्याच्या खेड्यांकडे पाहावे, यात आश्चर्य नाही.

वसई प्रांत : गुजरातचा सुलतान बहादुरशाह याने डिसेंबर १५३४ च्या तहान्वये वसई व तिच्या आसपासचा मुलूख पोर्तुगीजांस दिला. दमणपासून चौलपर्यंतच्या त्यांच्या ताब्यातील ठाण्यांना मिळून पुढे ‘उत्तरेचा प्रांत’ असे नाव रूढ झाले व वसई हे त्याचे मुख्य ठिकाण बनले. या प्रांताचे संरक्षण खड्या फौजेच्या बळावर करण्याइतकी माणसे पोर्तुगीजांकडे कधीच नव्हती. म्हणून त्यांनी गावे पोर्तुगीज खानदानी कुटुंबांना, लष्करी सेवा केलेल्यांना व धार्मिक संघांना ठराविक धाऱ्याने, बहुधा एक ते तीन पिढ्यांच्या मुदतीने, लावून दिली. गावाच्या उत्पन्नाच्या प्रमाणात घोडा व बंदूकधारी माणसे बाळगणे आणि प्रसंगी त्यांच्यासह हजर होणे ही त्यातील एक अट होती. काही ठिकाणी गढी वा बुरूज बांधून त्याची राखण करण्याचे बंधनही असे.

ही व्यवस्था कागदावर नेटकी होती. प्रत्यक्षात गावाचा धनी वसईच्या कोटात वाड्यात राही आणि बंदोबस्ताचा खर्च व श्रम या दोहोंचा भार गावावर पडे. शेत कसणाऱ्या कुणब्याला जमिनीशी बांधल्यासारखे जिणे होते. त्याला जमीन सोडून जाण्याची मोकळीक नव्हती, पण धन्याच्या व सरकारच्या कामावर बोलावले की जाणे भाग होते. कोळी व भंडारी यांच्याकडून होड्या, वल्हेकरी व पहारेकरी मिळत. या सेवेला खेड्यातील माणूस वेठ म्हणत असे, आणि वेठ हा शब्द त्या काळी जितका नित्याचा तितकाच अप्रिय होता. त्यावर धर्मविषयक जुलमाची भर पडली. देवळांचा नाश, अनाथ मुलांचे धर्मांतर व धर्मन्यायासनाचा धाक यांमुळे पोर्तुगीज सत्तेबद्दल हिंदू रयतेच्या व वतनदारांच्या मनात खोल अप्रीती होती. तथापि केवळ धार्मिक असंतोषाने वसईचा पाडाव झाला असे मानणे एकांगी ठरेल. ज्या सत्तेचे संरक्षण गावांनी पुरविलेल्या माणसांवर अवलंबून आहे, तिची गावांनी साथ सोडताच काय होते, याचे ते एक उदाहरण आहे.

अठराव्या शतकाच्या चौथ्या दशकात ही स्थिती विकोपाला गेली. पूर्व आफ्रिकेतील मोंबासा १७२८ मध्ये परत मिळवून पुढील वर्षीच गमावल्याने पोर्तुगीजांचे मनुष्यबळ व द्रव्यबळ खचले होते. मराठ्यांच्या हालचाली वाढल्याने ठाण्याला नवा किल्ला बांधण्याचे काम हाती घेण्यात आले. उत्तर प्रांताचा सेनाधिकारी लुईस बोतेल्यू याच्या कारकीर्दीत या बांधकामापायी लोकांवर नवे भुर्दंड पडले. हा किल्ला पुरा होण्यापूर्वीच लढाईची वेळ आली. ठाणे-साष्टी भागातील गंगाजी नाईक अंजूरकर व त्यांचे बंधू, तसेच मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे यांनी पुण्याशी संधान बांधले होते. मार्च १७३७ अखेर रात्रीच्या वेळी मराठ्यांचे सैन्य कळव्याच्या बाजूने खाडी उतरून ठाण्यात शिरले. वाट दाखविणारे स्थानिक होते. बोतेल्यूने करंजाकडे पळ काढला आणि थोड्याच अवधीत साष्टी बेटाचा बहुतेक भाग मराठ्यांच्या हाती आला. ग्रामीण भागाच्या राखणीसाठी म्हणून उभी केलेली धनी-घोडेस्वारांची व्यवस्था या वेळी उपयोगी पडली नाही. गढ्यांतील माणसे कोटांच्या आश्रयास गेली व गावे उघडी राहिली.

यानंतर चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखाली वसईचा दीर्घ वेढा पडला. सुरुंगांनी तटाला खिंडारे पाडल्यावर मे १७३९ मध्ये किल्ला स्वाधीन झाला. (मराठी ग्रंथांत शरणागतीची तारीख ५ मे व पोर्तुगीज ग्रंथांत १६ मे अशी आढळते. इंग्रजी कागदांतील जुन्या पंचांगाचे अकरा दिवस हे त्याचे कारण असून दोन्ही तारखा एकाच दिवसाच्या आहेत.) शिबंदीला सन्मानाने बाहेर पडण्याची मुभा मिळाली, आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांच्या धर्माचरणास धक्का लावणार नाही, असे अभय देण्यात आले. मराठ्यांच्या अंमलात शंकराजी केशव फडके हे वसईचे सुभेदार झाले. वेठीची पद्धत मात्र मराठी राज्यातही चालू राहिली, हे नमूद करणे इतिहासाच्या दृष्टीने योग्य होय. ओझी, किल्ल्यांची डागडुजी व होड्यांची चाकरी यांसाठी ती घेतली जाई. राज्य बदलल्याने कोळ्याची वा कुणब्याची या कामातून पूर्ण सुटका झाली नाही.

नव्या काबिजादी व सत्तरी : वसई गेल्याने पोर्तुगीजांच्या ताब्यात कोकणात गोवा व दमण यांखेरीज फारसे काही उरले नाही. ही हानी भरून काढण्यासाठी त्यांनी गोव्याच्या भोवतालचा मुलूख मिळविण्याचे धोरण स्वीकारले. १७४६ मध्ये व्हाइसरॉय मार्केस द अलोर्ना याने डिचोली व सत्तरीच्या दिशेने चाल केली. अनेक उलथापालथींनंतर हे महाल १७८१–८२ च्या सुमारास कायमचे पोर्तुगीज अंमलाखाली आले. जुन्या काबिजादीतील बार्देश, तिसवाडी व सासष्टी यांच्याहून हा मुलूख सर्वस्वी वेगळा होता. सह्याद्रीच्या उतारावरील दाट अरण्य, म्हादई नदी व तिचे ओढे, चोर्ल्यासारख्या घाटवाटा आणि विरळ वस्ती यांमुळे तेथे पणजीचा हुकूम पोहोचण्यास वेळ लागे. पावसाळ्यात तर तो पोहोचतच नसे.

सत्तरीत राणे घराण्याचे वर्चस्व होते. अनेक गावांचा मोकासा त्यांच्याकडे असून त्याच्या मोबदल्यात प्रसंगी हत्यारबंद माणसे घेऊन सरकारच्या साहाय्यास जाणे ही त्यांची जबाबदारी होती. वसईतील पोर्तुगीज धन्याची व सत्तरीतील राण्यांची जबाबदारी वरवर पाहता सारखीच दिसते. पण राणे गावातच राहत, गावच्या देवस्थानात त्यांना मान असे आणि त्यांच्याबरोबर लढायला जाणारी माणसे त्यांच्याच कुळांतील असत. त्यामुळे येथे सैन्यसेवा ही सरकारपेक्षा राण्यांशी बांधलेली होती. सरकारने हक्कांना हात लावला, की तीच माणसे सरकारविरुद्ध उभी राहत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अशी बंडे वारंवार झाली.

त्यांतील सर्वांत मोठे बंड दीपाजी राणे यांचे होय. नवीन जमीनकर आणि रूढ आचारांत सरकारने चालविलेली ढवळाढवळ यांविरुद्ध त्यांनी २६ जानेवारी १८५२ रोजी वाळपईजवळचा नाणूसचा किल्ला घेतला व तेथून साडेतीन वर्षांच्या आसपास पोर्तुगीज फौजेला दाद दिली नाही. अखेर १८५५ मध्ये गव्हर्नर व्हिस्कोंद द तोर्रेस नोव्हास याच्या कारकीर्दीत सलोखा झाला. बंडखोरांना माफी मिळाली व दीपाजींना मानमरातब देण्यात आले. या सलोख्याने सत्तरीत एक समजूत पक्की झाली, ती अशी की नाणूसचा किल्ला हाती असला म्हणजे सरकार बोलणी करते. १८९५ मध्ये सैनिक नेमके तेथेच का गेले, याचा उलगडा या समजुतीत आहे. १८६९–७१ मध्ये कुष्टोबा राणे यांनी बंड केले व १८७१ मध्ये ते मारले गेले. त्यांच्या बंडाचे स्वरूप अधिक व्यक्तिगत होते.

याच सुमारास खुद्द गोव्याच्या लष्करात असंतोष होता. १८६९ च्या सुधारणांनी स्थानिक पोर्तुगीज वंशाच्या अधिकाऱ्यांच्या वेतनावर व बढतीवर गदा आली, त्यामुळे १८७० मध्ये व्होळवई येथे व १८७१ मध्ये माशेल येथे सैन्याने बंड केले. लिस्बनहून राजाचा बंधू दों आउगुश्तू याच्याबरोबर फौज आली आणि १८७१ मध्ये गोव्याचे जुने सैन्य बरखास्त करण्यात आले. यानंतर थोडे युरोपीय सैनिक व स्थानिक भरतीची पायदळ आणि पोलीस दले यांवर राज्याची भिस्त राहिली. या स्थानिक दलांत नव्या काबिजादीतील मराठे मोठ्या संख्येने होते. शेतीचे उत्पन्न अपुरे पडणाऱ्या कुटुंबातील एक मुलगा पलटणीत जाई. पगार थोडा, पण नियमित असे आणि रजेत घरी जाऊन लावणी-कापणीला हात लावता येई. ही चाकरी गोव्यातच करावयाची, हे दोन्ही पक्षांनी धरून चालले होते.

१८९५ चे बंड : पोर्तुगीज मोझँबीकमध्ये १८९४ साली लोरेंसू मार्केस (सध्याचे मापुतो) परिसरातील रोंगा लोकांनी उठाव केला. झोपडीकर व सरदारांच्या कारभारातील हस्तक्षेप ही त्याची प्रमुख कारणे होती. ऑक्टोबरात त्यांनी शहरावर हल्ला केला. त्यामागे गाझा राज्याचा राजा गुंगुन्याना याचा हात असल्याच्या संशयावरून युद्धाची व्याप्ती वाढली. आंतोनियू एनेश याला विशेष आयुक्त म्हणून पाठविण्यात आले व १८९५ च्या फेब्रुवारीत माराक्वेने येथे पहिली मोठी लढाई झाली. आफ्रिकेतील प्रदेशांवर प्रत्यक्ष ताबा सिद्ध केल्याखेरीज इतर युरोपीय राष्ट्रे तो मान्य करीत नसल्याने पोर्तुगालच्या दृष्टीने ही प्रतिष्ठेची बाब होती. मनुष्यबळ गोळा करण्यासाठी गोव्यातील मराठा सैनिकांची तुकडी धाडण्याचे ठरले.

हुकूम कळताच तुकडीत खळबळ माजली. सैनिकांच्या तक्रारी मुख्यतः चाकरीच्या अटींविषयी होत्या. परदेशातील सेवेसाठी वेतनात योग्य वाढ नाही; कुटुंबे बरोबर नेता येत नाहीत आणि मागे ठेवली तर त्यांच्या पोटाची व्यवस्था नाही. समुद्रपर्यटनाने जातीबाहेर पडण्याची भीती या कारणावर पोर्तुगीज लेखकांनी बराच भर दिला आहे. ती भीती खोटी नव्हती. तरीही, तेवढ्यावर सर्व बंडाचा अर्थ लावला म्हणजे सैनिकांच्या व्यावहारिक मागण्या अंधश्रद्धेच्या खात्यात जमा होतात. अशीच गल्लत बराकपूरच्या १८२४ च्या घटनेविषयी झाली होती. ब्रह्मदेशाच्या युद्धावर निघण्याचा हुकूम झालेल्या बंगाल सैन्याच्या ४७ व्या पलटणीने, सामान वाहणारे बैल न पुरविता आपल्या खर्चाने ते घ्यावयास लावल्याची तक्रार केली होती. पलटणीवर २ नोव्हेंबर १८२४ रोजी तोफा डागण्यात आल्या आणि दप्तरात समुद्राची भीती ठळक होऊन बसली. पुढे १८५६ च्या कायद्याने बंगाल सैन्यातील नव्या भरतीस कोठेही जाण्याची अट घालण्यात आली. १८५७ च्या उठावाच्या कारणांत तिची गणना होते.

गोव्यात दिवसही प्रतिकूल होते. सप्टेंबरचा मध्य म्हणजे पावसाचा जोर ओसरून भाताचे पीक पोटरीत येण्याचे व थोड्याच आठवड्यांत कापणी सुरू होण्याचे दिवस. घरच्या कर्त्या पुरुषाने याच वेळी अनिश्चित काळासाठी समुद्रापार जाणे, हे कुटुंबाच्या वर्षाच्या अन्नाशी निगडित होते. त्याआधीची काही वर्षे गोव्याला कठीण गेली होती. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने मिठाचा व्यवहार इंग्रजांच्या नियंत्रणाखाली गेला, मिठागरे बुडाली आणि १८९२ च्या प्रारंभी तहाची मुदत संपल्यावरही पूर्वीचा धंदा पुन्हा उभा राहिला नाही. नोकरी सोडून गावी परतणे सोपे नव्हते, आणि नोकरीत राहून आफ्रिकेला जाणे तर त्याहून अवघड होते.

सप्टेंबर १८९५ च्या मध्यास सैनिकांनी हत्यारांसह छावणी सोडली व ते सत्तरीची वाट धरून नाणूस येथे जमले. तेथे दादा राणे यांनी त्यांना साथ दिली. येथपर्यंतची घटना ही एका तुकडीची शिस्तभंगाची बाब होती; राण्यांच्या सहभागाने ती मुलखाचे बंड झाली. दोहोंचे हेतू मात्र सर्वस्वी एक नव्हते. सैनिकांना माफी व परदेशसेवेतून सुटका हवी होती. राण्यांना मोकाशाचे व मानाचे जुने हक्क परत हवे होते. एकास बंदुका होत्या व कवायत माहीत होती, दुसऱ्यास डोंगर, वाटा आणि धान्य देणारी गावे होती. या देवाणघेवाणीमुळे बंड काही महिने टिकले.

ग्रामीण जनतेचा वाटा दोन प्रकारचा होता. सत्तरीतील गावांनी बंडखोरांना आसरा दिला, बातम्या पुरविल्या व फौज आली की मौन पाळले. हा पाठिंबा पुष्कळसा नात्याचा होता. पळून आलेला शिपाई हा कोणाचा तरी मुलगा वा जावई होता. उलट डिचोली व इतर महालांतील सधन वस्त्यांना बंडखोरांच्या टोळ्यांच्या लुटीची झळ बसली आणि तेथील अनेक कुटुंबांनी घरे सोडून जुन्या काबिजादीत अथवा सरहद्दीपलीकडे आश्रय घेतला. दादा राणे यांच्याविषयी आदराने लिहिणाऱ्यांनी ही बाजू बहुधा वगळली आहे.

गव्हर्नर राफाएल द आंद्राद याच्यापाशी बंड मोडण्याइतके विश्वासू सैन्य नव्हते. ज्यांच्या बळावर ते मोडावयाचे तेच उठले होते. त्याने नागरिकांवर निर्बंध लादले. बंडाला गोव्यातील राजकीय विरोधकांची फूस असल्याचा संशय धरून वृत्तपत्रांवर रोख धरण्यात आला, त्यामुळे काही सुशिक्षित गोमंतकीयांना ब्रिटिश मुलखात जावे लागले. खेड्यातील शिपायांच्या पगाराच्या व कुटुंबाच्या प्रश्नामागे शहरातील कटवाल्यांचा शोध घेणे ही राज्यकर्त्यांची सवय या प्रकरणातही दिसून येते. सैनिकांच्या मूळ तक्रारींची दखल वेळीच घेतली असती, तर लिस्बनहून आरमार आणण्याची वेळ बहुधा आली नसती.

ती वेळ नोव्हेंबर १८९५ मध्ये आली. राजा पहिला कार्लुश याचा धाकटा बंधू, पोर्तोचा ड्यूक दों आफोंसू हा फौजेसह गोव्यात उतरला. आफ्रिकेतील युद्धासाठी गोव्यातून माणसे नेण्याच्या प्रयत्नाचा परिणाम असा झाला, की युरोपातून गोव्यात माणसे आणावी लागली. मोझँबीकमधील मोहीम दरम्यान त्या मराठा तुकडीवाचूनच पुढे गेली. ७ नोव्हेंबरला कूलेला येथे गाझा सैन्याचा पराभव झाला व २८ डिसेंबर १८९५ रोजी मोझिन्यू द आल्बुकेर्क याने शायमीत येथे गुंगुन्यानास पकडले. सत्तरीत मात्र डोंगर-जंगलातील लपंडाव चालू राहिला. युरोपीय सैनिकांना तेथील हिवतापाचा व अनोळखी वाटांचा त्रास झाला. घाटापलीकडील सावंतवाडी व बेळगाव भागांत निसटण्याची सोय बंडखोरांना होती. बळ आणि माफीचे आश्वासन या दोन्ही उपायांनी बंड हळूहळू ओसरले. मार्च १८९६ मध्ये दों आफोंसूला काही काळ व्हाइसरॉय हे पद देण्यात आले व त्याच वर्षी तो परतला. दादा राणे व त्यांच्या काही साथीदारांना हद्दपारीची शिक्षा झाली. दादांना तिमोर बेटावर पाठविण्यात आले. समुद्रापार जाण्यास नकार देऊन पेटलेल्या बंडाचा पुढारी अखेर कैदी म्हणून समुद्रापार गेला.

मूल्यमापन : या बंडाविषयीच्या लेखनात दोन टोके आढळतात. पोर्तुगीज लष्करी लेखकांनी त्याला दरोडेखोरीचे स्वरूप दिले. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यानंतरच्या लेखनात ते स्वातंत्र्यलढ्याच्या मालिकेत बसविले गेले. दुसरे मत पहिल्याच्या मानाने न्याय्य असले, तरी त्यातही सैनिक हा घटक मागे पडतो व राणे तेवढे पुढे येतात. बंडाची सुरुवात राण्यांनी केलेली नव्हती. ती पलटणीतील सामान्य शिपायांनी केली; त्यांना राज्य उलथून टाकावयाचे होते असे दाखविणारा पुरावा नाही. ज्या अटींवर चाकरी पत्करली त्या एकतर्फी बदलल्या जाऊ नयेत, एवढे त्यांचे म्हणणे होते. वसईच्या कुणब्यांना आपले म्हणणे मांडण्यास असे साधनही नव्हते. त्यांच्यापाशी हत्यार नसल्याने त्यांचा नकार राज्याच्या संकटकाळी उदासीन राहण्यातून व नव्या सत्तेस वाट दाखविण्यातून प्रकट झाला. सत्तरीच्या शिपायांच्या हाती सरकारनेच दिलेली बंदूक होती.

ब्रिटिश हिंदुस्थानात पहिल्या महायुद्धाच्या काळी या प्रश्नाने वेगळे रूप घेतले. तेथे हिंदी लोकांसाठी भरतीचा कायदा नव्हता, पण गावकामगार व महसूल अधिकाऱ्यांमार्फत दडपण येई. १० जून १९१८ रोजी मुंबईच्या युद्धपरिषदेत गव्हर्नर विलिंग्डनने स्वराज्याचा उल्लेख करण्यास मज्जाव करताच लोकमान्य टिळक सभात्याग करून गेले. त्यांचा विरोध भरतीला नव्हता. हक्क व अधिकारपदे न देता माणसे मागण्याला होता. त्याच वर्षी खेडा जिल्ह्यात भरतीसाठी फिरणाऱ्या महात्मा गांधींना, साराबंदीच्या लढ्यात ज्यांनी बैलगाड्या विनामूल्य दिल्या त्याच शेतकऱ्यांनी भाड्यानेही गाडी देण्याचे नाकारले. येथे पुढारी भरतीच्या बाजूस व गाव विरोधात असा उलटा प्रकार घडला. भरतीबाबत गावाचा हिशेब पुढाऱ्यांच्या हिशेबापासून स्वतंत्र असतो, हे सत्तरीतही दिसले होते.

सत्तरीत १८९५ नंतर लष्करी बंदोबस्त वाढविण्यात आला. राण्यांचा शेवटचा उठाव १९१२ मध्ये झाला. तो अल्पावधीत मोडण्यात आला. म्हादईच्या काठी नाणूस किल्ल्याचे अवशेष असून २६ जानेवारीस तेथे दीपाजी राणे यांना मानवंदना दिली जाते.